बाबांचा डावा हात आणि टीव्हीवरचं बोलिंग

वाचक विचारतात

नमस्कार. माझ्या बाबांना (वय 63) सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. आता चार पायांची काठी धरून ते घरातल्या घरात चालतात. डावा हात खांद्यातून थोडा पुढे येतो. बोटं मिटतात, पण पूर्ण उघडत नाहीत. खांदा दुखतो. डाव्या बाजूला ठेवलेली वस्तू कधीकधी त्यांच्या लक्षातच येत नाही. कणकवलीहून फिजिओथेरपिस्ट मंगळवारी आणि शुक्रवारी येतात; बाकीच्या दिवशी व्यायाम म्हटलं की बाबा तोंड फिरवतात. अमेरिकेहून आलेला चुलतभाऊ त्याचा जुना निन्टेंडो वी (हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचं यंत्र), दोन रिमोट, वर उभं राहायचा बॅलन्स बोर्ड आणि खेळांच्या डिस्क इथे ठेवून गेलाय. अजून सुरू केलेलं नाही. बाबांना उत्सुकता आहे. आई म्हणते, "ह्या वयात पोरांचो खेळ कित्याक?" भाऊ म्हणतो, त्यापेक्षा 40 हजारांचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा पडदा) घेऊया. वीने हात खरंच सुधारेल का, आणि करायचं तर कसं?
– देवगड तालुक्यातून, एक मुलगी

उत्तर

ताई, खेळ जरूर सुरू करा. पण पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी अडॅप्टर उलटा करून त्यावरचा मजकूर वाचा. अमेरिकेतल्या वीच्या अडॅप्टरवर 120 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे 230 व्होल्ट येतात. बाजारात मिळणारी पिन बदलायची टोपी व्होल्टेज कमी करत नाही, त्यामुळे ती लावून चालू केलंत तर अडॅप्टर जळेल. एक तर 230 वरून 110 वर आणणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या (100 व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा पुरेल, कारण या अडॅप्टरचं आउटपुट 12 व्होल्ट, 3.7 अँपिअर म्हणजे जेमतेम 45 वॅट आहे), नाहीतर 100 ते 240 व्होल्टवर चालणारा वीसाठीचा अडॅप्टर मागवा. वीमधून पिवळी-लाल-पांढरी अशी जुनी तिहेरी वायर निघते. टीव्हीला तशी भोकं नसतील तर वीसाठीचा छोटा एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, नाहीतर हात हलल्यावर चित्र क्षणभर उशिरा हलतं आणि बाबांना वाटेल की चूक आपल्याच हाताची आहे.

आता मूळ प्रश्न. पक्षाघातानंतर मेंदूला हालचाल नव्याने शिकायची तर तीच हालचाल पुष्कळ वेळा, आणि नीट, व्हावी लागते. अमेरिका-कॅनडातली 2009 ची एक पाहणी आहे. त्यात थेरपीच्या एका सत्रात अधू हाताने केलेल्या कामाच्या हालचाली सरासरी फक्त 32 भरल्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे हा आकडा शेकड्यांत असतो. तुमच्याकडे थेरपिस्ट आठवड्यात दोनदाच येतात. मधले पाच दिवस कोरडे जातात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. हे दिवस भरून काढायला खेळाचा उपयोग आहे. त्याहून जास्त काही त्याच्याकडून अपेक्षू नका.

कारण खेळ गुण मोजतो, हालचाल कशी झाली ते बघत नाही. रिमोटच्या आतला सेन्सर रिमोटला बसलेला झटका टिपतो. तो झटका खांद्यातून आला, कोपरातून आला की नुसत्या मनगटातून, हे त्याला कळत नाही. सोफ्यावर रेलून मनगट उडवलं तरी बोलिंगमध्ये (क्रिकेटचं नव्हे, चेंडू घरंगळवून समोरच्या पिन पाडायचा खेळ) दहाच्या दहा पिन पडतात. बाबा मुद्दाम फसवणार नाहीत, पण अशक्त हाताचं शरीर नकळत सोपी वाट धरतं: खांदा कानाकडे चढतो, पाठ खुर्ची सोडून पुढे येते, सगळं धड उजवीकडे झुकतं. गुण वाढत जातात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि प्रत्यक्षात चुकीची सवय पक्की होत असते. कॅमेऱ्यावर चालणारे खेळही यातून सुटलेले नाहीत. त्यांना हात वर गेलेला दिसला की पुरे. म्हणून टीव्हीकडे बाबांनी बघायचं आणि बाबांकडे तुम्ही.

पहिला महिना हाताचा खेळ बसूनच. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती मागे सरकते. जेवणाच्या टेबलाची जड, सरळ पाठीची लाकडी खुर्ची घ्या. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट द्या. एक पंचा घडी करून रुंद पट्टा करा, तो काखेच्या खालून छातीवरून नेऊन खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधा. पोटावर नको, गळ्याजवळ तर मुळीच नको. गाठ एका ओढीत सुटणारी ठेवा, आणि पंचा बांधलेला असताना बाबांना खोलीत एकटं सोडू नका. या पंच्याने धड पुढे झेपावणं थांबतं आणि हालचाल खांदा-कोपराला करावीच लागते. उजवा हात मांडीवर. दर फेकीला तीनच गोष्टी बघा: कान आणि खांद्यातलं अंतर तेवढंच आहे ना, पाठ खुर्चीला टेकलेली आहे ना, कोपर उघडतंय ना. लागोपाठ तीन फेकी बिघडल्या की तो डाव तिथेच थांबवा, गुण कितीही चांगले असोत.

रिमोट धरायचा प्रश्न येईल. बोटं मिटतात, पण घट्ट धरून ठेवता येत नाही असं दिसतं. 6 सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी घ्या. रिमोट तळहातात ठेवून पट्टी बोटांवरून आणि तळहाताभोवती दोन-तीन वेढे फिरवा, अंगठा मोकळा ठेवा. वेढ्यांखाली तुमचं एक बोट सहज गेलं पाहिजे. पाच मिनिटांनी नखं बघा, निळी किंवा पांढरी दिसली तर लगेच सोडा. त्या हाताला संवेदना कमी असेल तर बाबा 'दुखतंय' म्हणणार नाहीत, म्हणून हे बघणं तुमच्यावर आहे. पट्टी एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. सोडल्यावर बोटं हळूहळू, मनगटापासून सुरुवात करून उघडा आणि मिनिटभर उघडी धरून ठेवा. ही पायरी गाळली तर पकड उलट आणखी ताठर होत जाते. रिमोटचा स्वतःचा मनगटाचा पट्टाही घाला. पण केवळ त्याच्या भरवशावर रिमोट देऊ नका, सुटला तर टीव्हीवर जाऊन आदळतो.

कुठला खेळ? बोलिंगपासून सुरुवात करा. हात खाली सोडून पुढे आणायचा असतो, खांद्याच्या वर जावं लागत नाही, घाई नसते, आणि दोन फेकींच्या मध्ये आपोआप विश्रांती मिळते. अडचण एवढीच की मागचं 'बी' बटण दाबून ठेवायचं आणि चेंडू सोडताना तेही सोडायचं. बाबांच्या बोटांना ते आत्ता जमणार नाही. सुरुवातीला तुम्ही त्यांच्या हाताखालून ते बटण सांभाळा. पुढे तर्जनी उघडायला लागली की तेच बटण सोडणं हा बोटं उघडायचा उत्तम व्यायाम होतो. टेनिसमध्ये फटक्याला बटण लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण तिथे वेग खेळ ठरवतो आणि हात झटक्याने फिरतो. दुखऱ्या खांद्याला ते निदान सहा आठवडे तरी नको. बॉक्सिंग नकोच.

खांद्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली ओळ तीच आहे. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनाने सांधा खाली उतरतो. बाबांना बसवून, हात मोकळा सोडून, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवा. तिथे खळगा लागत असेल आणि उजव्या बाजूला लागत नसेल, तर येत्या मंगळवारी थेरपिस्टना आधी ते दाखवा. खेळ त्यांनी पाहिल्यावरच सुरू करा. तोपर्यंत बसलेले असताना हाताखाली उशी ठेवा. उठवताना डाव्या हाताला धरून ओढू नका. काखेत हात घालूनही उचलू नका. खेळताना कोपर खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नये. आणि आपल्याकडे विहिरीची कप्पी घराघरांत असते, तिला दोरी लावून उजव्या हाताने डावा हात वर ओढायचा 'व्यायाम' बरेच जण करतात. पक्षाघाताच्या खांद्याला तो घातक आहे, दुखणं त्यानेच वाढतं. बाबा करत असतील तर आजच दोरी काढा. दुखणं शून्य ते दहा असं मोजायला त्यांना शिकवा. खेळताना ते तीनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी टिकून राहिलं, तर वेळ निम्मी करा. निरोगी खांदाही याने दुखावतो: 2007 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 29 वर्षांच्या एका तरुण डॉक्टरची नोंद छापून आली होती, वीवर तासन्‌तास टेनिस खेळल्याने त्याच्या खांद्याचा स्नायूबंध सुजला होता.

वेळ मोजून ठेवा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी. दर आठवड्याला प्रत्येक वेळेत दोन-तीन मिनिटं वाढवत चौथ्या आठवड्यापर्यंत दिवसाला वीस ते पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. थेरपिस्ट येतात त्या दिवशी खेळ नको, त्यांनी दिलेलंच करा. आणि खेळ संपल्या संपल्या, टीव्ही बंद करून, पंधरा मिनिटं त्याच हाताने खरं काम. हे सोडू नका. रिमोट फिरवण्यात आलेली सुधारणा आपणहून तांब्या उचलण्यात उतरत नाही, ती तिथे वेगळी घडवावी लागते. फडक्याने टेबल पुसणं, पंचाची घडी, रिकामा पेला फळीवर ठेवणं. पकडीसाठी सावंतवाडीच्या चितार आळीत मिळणारी लाकडी फळं फार उपयोगी पडतात, कारण लिंबापासून आंब्यापर्यंत वेगवेगळे आकार एकाच टोपलीत मिळतात. मोठ्या फळापासून सुरुवात करून लहानाकडे या. टोपली नेहमी बाबांच्या डाव्या बाजूला ठेवा, तुम्हीही डावीकडेच बसा, आणि टीव्हीसुद्धा समोरच्या मध्यापासून थोडा डावीकडे सरकवा. डावी बाजू लक्षातून सुटते ना, तिथे बघायची सवय यातून लागते.

बॅलन्स बोर्ड मात्र थेरपिस्ट समोर असतानाच पहिल्यांदा वापरा. तो सुमारे 5 सेंटिमीटर उंच आहे. बाबांसाठी ती पायरीच झाली, आणि ती मागे पाऊल टाकून उतरताना पडण्याची भीती सर्वांत जास्त. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. समोर उजव्या हाताला कमरेच्या उंचीचं जड टेबल, मागे हातांची जड खुर्ची, आणि तुम्ही बाबांच्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे. कमरेला पंचा बांधा आणि तो मुठीत धरा. बाबांचा हात धरून त्यांना सावरता येत नाही, पंचाने येतं. घोट्याची पट्टी वापरत असतील तर ती काढायची की नाही हे थेरपिस्टना विचारा. बोर्ड सपाट लादीवरच ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा जांभ्याच्या खडबडीत पडवीत त्याचे चार पाय सारखे टेकत नाहीत आणि चारी कोपऱ्यांतले वजनाचे सेन्सर चुकीचं सांगतात. वजनाची मर्यादा 150 किलो.

या बोर्डाची खरी कमाई म्हणजे डाव्या-उजव्या पायावर किती टक्के भार आहे तो आकडा समोर दिसतो. पक्षाघातानंतर माणूस चांगल्या पायावरच उभा राहतो आणि त्याला वाटतं आपण सरळ आहोत. आकडा बघितला की तो स्वतः दुरुस्त करायला लागतो. सुरुवातीला जे काही निघेल ते वहीत लिहा आणि हळूहळू निम्म्या-निम्म्याकडे न्या. टेबलावर हात जोराने टेकवला की बोर्डावरचं एकूण वजन कमी दिसतं. बाबांचं वजन 64 किलो असून बोर्ड 55 दाखवत असेल, तर नऊ किलो टेबलावर आहेत. हेही कमी होत गेलं पाहिजे. खेळांपैकी फळी कलती करून गोळी भोकात टाकायचा खेळ बरा, तो शांतपणे करता येतो. डोक्याने चेंडू मारायचा खेळ वेगवान आहे, तो टाळा. सुरुवातीला यंत्र उंची-वय विचारतं आणि शरीराचं 'वय' काढून दाखवतं. ते सोडून पुढे जा, आजारातून उठलेल्या माणसाला ते ऐकवायची काही गरज नाही. बोर्ड बिघडला तर त्याचसाठी दोन साधे वजनकाटे शेजारी-शेजारी ठेवले तरी काम होतं, एकेका काट्यावर एकेक पाय.

आपल्या हवेच्या अडचणी वेगळ्या. पावसाळ्यात लादी घामेजते, तिच्यावर बोर्ड ठेवण्याआधी आणि बाबा चालण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा. पाय कोरडे हवेत. उभं राहायचे खेळ दिवसा उजेडीच करा. रात्री मध्येच वीज गेली तर ते काळोखात बोर्डावर उभे राहतील, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही. विजा चमकत असतील तर अडॅप्टर आणि डिश दोन्ही काढून ठेवा. रिमोटमध्ये दोन आणि बोर्डात चार पेन्सिल सेल लागतात. आठवडाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढा, खाऱ्या दमट हवेत ते पाझरतात आणि पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर चढतो. थर आलाच तर खोडरबराने घासून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. सगळं सामान झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणखी एक गोष्ट: पडद्यावरचा बाण वेडावाकडा धावायला लागला तर टीव्हीजवळ समई पेटलेली आहे का ते बघा. रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा आहे, तो वीसोबत येणाऱ्या, टीव्हीवर ठेवायच्या सेन्सर पट्टीतले दोन इन्फ्रारेड ठिपके शोधतो, आणि समईच्या ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तरी हेच होतं. पट्टीपासून एक ते तीन मीटर अंतरावर बसा.

खेळायच्या आधी रक्तदाब बघा. 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशी खेळ नाही, आणि डॉक्टरांना कळवा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील आणि साखर 100 च्या खाली असेल, तर आधी काहीतरी खायला द्या. श्वास रोखून जोर लावू देऊ नका, फेकताना मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबा. पक्षाघातानंतर कधी फिट आली असेल, तर लखलखत्या पडद्यासमोर बसवण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा कुठलीही बाजू नव्याने लुळी पडली, तर 108 ला फोन करा आणि लक्षण केव्हा सुरू झालं ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आईंना सांगा, त्यांची शंका रास्त आहे. 2016 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत पक्षाघाताच्या 141 रुग्णांचे दोन गट केले होते. दोघांनाही नेहमीची थेरपी होती. त्यावर एका गटाला दोन आठवड्यांत तासातासाची दहा सत्रं वीवर दिली, दुसऱ्याला तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, ठोकळे रचणं असे साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 72 चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. निष्कर्ष असा की असे खेळ नेहमीच्या थेरपीच्या जागी ठेवले तर हाताला जास्त फायदा नाही, पण थेरपीत भर म्हणून दिले, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढवला, तर उपयोग दिसतो. तेव्हा एका संध्याकाळी वी आणि दुसऱ्या संध्याकाळी आईंबरोबर पत्ते, पानं डाव्या हाताने उचलून टाकायची, असं केलंत तरी काही बिघडत नाही.

दर रविवारी त्याच वेळी दोन मोजमापं घ्या आणि वहीत लिहा. मध्ये पुस्तक उभं करून, डाव्या टोपलीतल्या काजूच्या बिया एकेक करून डाव्या हाताने पलीकडच्या वाडग्यात टाकायच्या, एका मिनिटात किती होतात. आणि खुर्चीवरून उठून काठीसह तीन मीटर चालून, वळून, परत बसायला किती सेकंद लागतात. खेळाचे गुण या वहीत नकोत. चार रविवार झाले, गुण वर गेले आणि बिया तेवढ्याच राहिल्या, तर हालचाल चुकतेय किंवा खेळ बदलायला हवा. फोनवर खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बाजूने काढून थेरपिस्टना दाखवा. पाच मिनिटांत त्यांना दोष दिसेल.

भावाला हेडसेटचे पैसे सध्या खर्चू देऊ नका. तो डोळ्यांवर चढवला की भोवतालची खोली दिसत नाही. काठीवर चालणाऱ्या आणि डावी बाजू लक्षातून सुटणाऱ्या माणसाला त्यात तोल जाण्याचा, मळमळीचा धोका आहे, आणि तुम्ही आधार द्यायला आलात तर तुम्हीही दिसणार नाही. त्या 40 हजारांत कणकवलीच्या थेरपिस्टना आठवड्यातून दोनाऐवजी तीन दिवस बोलावता येतं का, ते आधी विचारा. आधी रविवार मागा, तो त्यांना जमत नसेल तर बुधवार मागा, म्हणजे लागून येणाऱ्या भेटींमध्ये त्यांना नव्याने घातलेली हालचाल लगेच तपासता येते.